तिरप्या रेषेचं टोक

"बठ्ठं तिरपं काढेल शे," इंदिराबाई लेकीच्या कानाशी पुटपुटल्या. "मांडव तिरपा, माळ तिरपी, नवरी कडेला. यानी मान वाकडी शे का काय?"

शिरपुरातला चंदनचा स्टुडिओ एवढासा आणि इंदिराबाईंचं पुटपुटणं चांगलं खणखणीत. त्यांच्याकडे पाठ करून संगणकापुढे बसलेल्या चंदनने हळूच मान सरळ केली. सोनलने हसू ओठांत दाबलं.

धाकट्या डिंपलच्या लग्नाला सहा आठवडे झाले होते. अल्बम शिंदखेड्याला तिच्या सासरी जायचा होता, म्हणून मायलेकी फोटो निवडायला आल्या होत्या.

सोनलची या माणसाशी ओळख झाली ती हळदीच्या दिवशी. ती वरणासोबतच्या तळलेल्या बट्ट्यांची परात घेऊन निघाली होती, आणि हा कॅमेऱ्याला डोळा लावून मागे मागे सरकत आला तो धडकलाच. तीन बट्ट्या घरंगळत पार पाहुण्यांच्या चपलांत गेल्या. वर म्हणतो कसा, सॉरी अक्का. एकतीस वर्षांच्या बाईला अक्का. तिनेही ऐकवलं, की तुमच्या कानशिलावर माझ्याआधी पांढरं दिसतंय. तो हसला, दुसऱ्यांची लग्नं काढता काढता आपलं राहूनच गेलं म्हणाला, बट्ट्या वेचल्या, आणि सगळं तिरपं का काढता म्हणून तिने विचारलं तेव्हा म्हणाला, "सरळ काढलं की माणसं नुसती रांगेत उभी राहतात. माळ तिरपी घेतली की नजर तिच्यावरून चालत जाते."

"कुठे?"

"टोकाला जे असेल तिथे…"

नंतर दिवसभर ती मांडवाच्या कडेच्या खांबापाशीच होती. इंदिराबाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, तू तिथे थांब, पंगतीचं बघ. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सोनलने विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा हितेंद्र दीपनगरहून येताना मोटरसायकलवरून पडला, तो गेलाच. तेव्हापासून असल्या गोष्टींची कारणं त्या घरात कुणी बोलत नसे. गेले चार महिने घरात लग्नाशिवाय विषय नव्हता. पण सोनलच्या नावाशेजारी तो शब्द ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. तिची स्वतःचीसुद्धा.

पडद्यावर पहिला फोटो आला. डिंपलच्या डोक्यावरून निघालेली झेंडूची माळ खाली डावीकडे उतरत होती. सोनलची नजर तिच्यावरून उतरली, आणि तळाला कुणीतरी परात घेऊन उभी होती. ती आपणच आहोत हे कळायला तिला क्षण लागला.

दुसऱ्यात मामीचा हळदीने माखलेला हात, हाताच्या पुढे मांडवाच्या वाशाची लांब सावली, सावलीच्या टोकाला — सोनल. तिसऱ्यात जिन्याचा कठडा उतरत उतरत तिच्यापाशीच येऊन थांबलेला. चौथ्यात तर माळ नाही, कठडा नाही. डिंपलची भरून आलेली नजरच तिरपी, थेट खांबाकडे. आणि खांबापाशी सोनल तोंड भरून हसत होती.

आपण असं हसतो?

तिने आईकडे पाहिलं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला होता. म्हणजे आईलाही दिसलं होतं.

इंदिराबाई एवढंच म्हणाल्या, की कोपरे कापा आणि नवरी मधोमध घ्या. चंदनने हुज्जत घातली नाही. कोपरा गेला. माळ दावं तुटल्यासारखी लोंबली. चौथ्या फोटोत डिंपल कुणाकडेच बघत नव्हती. नुसती एका पांढऱ्या कडेकडे बघून डोळे भरून हसत होती… इंदिराबाईंना ते बघवेना.

सोनल उठून त्याच्या खुर्चीमागे गेली. "इतके फोटो… चुकून आले?" तिने हळूच विचारलं.

"पहिला चुकून. बट्ट्या सांडल्यावर."

"आणि बाकीचे?"

"तुम्ही खांब सोडून हलेचनात." त्याने वळून पाहिलं नाही, पण कान लाल झाले होते. "मग मीच रेषा तिकडे नेल्या."

चाळीस पोरांचा वर्ग एका शब्दात गप्प करणारी सोनल मास्तरीण टेबलावरचे अल्बमचे नमुने उगाच सरळ करू लागली.

"नाव तरी विचारायचं," ती म्हणाली.

"एकदा अक्का म्हणून बसल्यावर… कोणत्या तोंडाने?"

मागे बाक करकरला. इंदिराबाई पुढे आल्या आणि त्यांनी कापलेला कोपरा परत आणायला लावला. मग बोट काचेवर टेकवून डिंपलच्या डोळ्यांपासून निघाल्या, सावकाश, तिरप्या, खाली. बोट सोनलच्या हसण्यावर थांबलं.

"मीच उभी करेल व्हती तिले तठे," त्या म्हणाल्या. आवाज आता खरंच बारीक झाला होता.

बाहेर एक रिक्षा थांबली, निघून गेली. इंदिराबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि चंदनकडे न बघता लेकीला विचारलं,

"सोनल, माले तुनं परत लगन करनं शे. हाऊ पोऱ्या चाली का तुले?"