रॉकेल न मारलेली तंगडी

"अहो बाई, हात आवरा," असं म्हणत त्यानं चक्क तिचं मनगटच धरलं.

मेव्हिस दचकली. अंगावर भाड्याचा निळा मखमली झगा, गळ्यात काचेचे हिरे, समोर लांबलचक टेबलावर भाजलेल्या कोंबड्या आणि केकचे ढीग... आणि पोटात कावळे ओरडत होते. नाश्त्याचे पैसे बसभाड्यात गेले होते. लंडनबाहेरच्या त्या गारठलेल्या स्टुडिओत श्रीमंतांच्या हावरटपणाची टिंगल करणाऱ्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. मेव्हिस त्यातली एक एक्स्ट्रा, मेजवानीला आलेली मुकी श्रीमंत बाई.

"श्रीमंतांनी जेवायचं नसतं का?" तिनं विचारलं.

"सगळ्यावर रॉकेल मारतोय." त्याच्या हातात फवारा होता. "नाहीतर तुम्ही मंडळी दुसऱ्या शॉटआधीच टेबल साफ करता. साहेबांचा हुकूम आहे."

"आणि सिनेमा हावरटांवर?"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," तो हसला. गालाला खळी पडली, आणि ती मेव्हिसला उगाचच आवडली. "मी क्लेम. सामानखात्यातला."

"मी मेव्हिस. उपाशीखात्यातली."

क्लेम तिच्याकडे बघत राहिला. मग फवारा मारत पुढे निघाला, पण तिच्या ताटाशी येताच त्याचा हात थांबला. "हे एक राहून गेलं बघा," तो कुजबुजला. "शूटिंग संपेपर्यंत धीर धरा... कळलं तर माझी नोकरी जाईल."

पण भुकेल्या माणसाला कसला धीर? नायकाचं पैशावरचं लांबलचक भाषण चालू होतं, कॅमेरा टेबलावरून सरकत होता, आणि मेव्हिसनं कधी तंगडी उचलली, कधी लचका तोडला, तिचं तिलाच कळलं नाही.

"थांबा," दिग्दर्शक प्रिंगलसाहेब उठलेच. "ती निळ्या झग्यातली. काय हावरटासारखं खाल्लंस गं. पुन्हा घेऊ, जवळून. तस्साच घास हवा, नाहीतर शॉट जुळणार नाहीत."

दुसऱ्या कोंबडीची तंगडी तिच्या ताटात आली. रॉकेल मारलेली. क्लेमचा चेहरा पांढराफटक पडला. आता ती नको म्हणाली असती, तर मघाची कशी खाल्ली, हा प्रश्न येणारच होता. मेव्हिसनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, तरी ती हसत चावत राहिली. कॅमेरा थांबताच ती रुमालात थुंकली.

"वा. अजून एकदा," साहेब म्हणाले.

क्लेमनं फवारा खाली ठेवला. "नको, साहेब. तिच्या ताटावर मी रॉकेल मारलंच नव्हतं. मुद्दाम. आता मारलेलं खातेय ती... मला वाचवायला."

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब एवढंच म्हणाले.

मेव्हिसनं गळ्यातले हिरे काढून ताटाशेजारी ठेवले. "मग मीही निघते."

"अगं, पण तुझा घास पहिल्या शॉटमध्ये आहे. तू गेलीस तर अख्खा प्रसंग पहिल्यापासून घ्यावा लागेल."

"हो ना," ती अगदी नम्रपणे म्हणाली. "तो राहिला तर मी राहीन. आणि कोंबड्या ताज्या मागवा. सगळ्यांना."

टेबलाभोवतीच्या साऱ्या उपाशी उमरावांनी हातातले काटे खाली ठेवले. प्रिंगलसाहेबांनी आधी डोळे वटारले, मग डोक्याला हात लावला, आणि शेवटी त्यांना हसूच फुटलं. "मागवा रे," ते म्हणाले. "आणि तू, फवारेवाल्या, इथंच थांब."

संध्याकाळी फाटकाबाहेर धुकं उतरलं होतं. क्लेम तिच्यासाठी थांबला होता.

"तुम्हाला जेवायला नेणार होतो..."

"आज खाण्याचं नाव काढू नकोस," मेव्हिस म्हणाली. 'तू' कधी तोंडात आलं, दोघांनाही कळलं नाही.

"ते रॉकेल का खाल्लंस?"

"तू माझं ताट का सोडलंस?"

"आवडलीस म्हणून."

"मग... माझंही तेच."

तो जवळ आला. तिनं पटकन तोंडावर हात धरला. "अजून रॉकेलचा वास येतोय."

"माझ्या हातांना रोज येतो," तो म्हणाला. "सवय आहे मला."

मेव्हिसनं तोंडावरचा हात काढला.