दोन नंबरचं बटण

ही घटना खरी आहे.

यातलं मी स्वतः पाहिलं ते थोडंच, बाकीचं हारुनभाईंनी सांगितलं. मला ते नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. पण पदरचं काही घातलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. जे झालं ते लख्ख उन्हात झालं. गेल्या हिवाळ्यात, नंदुरबारमध्ये, मिरचीचा हंगाम ऐन भरात असताना.

हारुनभाईंचं स्टेशनकडे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पुखराजशेठ मिरचीचे व्यापारी. त्यांचं घर आणि गोदाम गावाच्या दुसऱ्या टोकाला, एकाच आवारात. दोघांनीही साठी ओलांडली आहे आणि दोस्ती शाळेपासूनची. त्या वेळी दोघं मिळून एक सायकल भाड्यानं घ्यायचे. पुखराजशेठ ताडासारखे उंच, हारुनभाई बुटके. त्यामुळे पाळी बदलली की पाना घेऊन सीट वर-खाली करावी लागायची. त्यातच निम्मा वेळ जायचा. भांडणही त्यावरूनच.

एकदा स्टेशनबाहेर एक काळी, लांबलचक गाडी उभी होती. कुण्या बड्या पाहुण्याची असावी. दोघांनी तिच्या बॉनेटवर हळूच हात ठेवला. मोठं झालं की अशीच गाडी घ्यायची, असं दोघांनी ठरवलं.

घेतली ती एकानंच.

पुखराजशेठला सुरतमध्ये एक जुनी परदेशी सेडान दिसली. काळीच. ते हारुनभाईंच्या दुकानावर येऊन म्हणाले, "तू देखी ले, मंग मी लिसू. तू नही म्हनशी ते नही."

हारुनभाईंनी गाडी मन लावून तपासली. इंजिन गार असतानाच सुरू करून पाहायचं, म्हणून ते सकाळीच पोहोचले आणि आधी बॉनेटला हात लावून पाहिला. विकणारे इंजिन आधीच तापवून ठेवतात, मग रोग लपतो. ऑइलचं झाकण उघडून आत दुधट साय आहे का, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलंय का, ते पाहिलं. सायलेन्सरच्या धुराचा रंग पाहिला. सुरतची गाडी म्हणजे पुराची भीती. म्हणून सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढले. गाडी पाण्यात बुडालेली असेल, तर बेल्टच्या मुळाशी गाळाची रेघ राहते.

रेघ नव्हती.

डिकीतल्या जादा टायरखालचा पत्राही कोरडा होता. दारांच्या नटांना पाना लागल्याची खूण नव्हती, म्हणजे अपघातात दार बदललेलं नव्हतं. गाडीत एकही खोट निघेना. प्रत्येक गोष्ट बरी निघाली की हारुनभाई पुढची आणखी बारकाईनं बघायचे. मनात कुठेतरी ते एखादी रेघ सापडायची वाट बघत होते.

शेवटी बटणं उरली. ते चालकाच्या जागी बसले. सीट विजेवर चालणारी होती. शेजारी दोन बटणं, एक आणि दोन. आपल्या मापाची सीट लावून नंबर दाबून ठेवला की गाडी ते माप लक्षात ठेवते.

पुखराजशेठ बाहेरून हसत म्हणाले, "तुन्हा पाय पुरतस का तठे?"

"सीटले समजस, मानूस कितला मोठा शे ते," हारुनभाई म्हणाले.

त्यांनी सीट पुढे घेतली, वर घेतली, आणि चालतं का ते पाहायला दोन नंबर दाबून ठेवला. बारीक 'टिंग' झालं. हातांखाली ते चामडं, समोर तो लांब काळा बॉनेट...

ही माझी असायला हवी होती.

इतकंच त्यांच्या मनात आलं. मग ते उतरले आणि खरं तेच बोलले. "गाडी चांगली शे. ली ले."

पुखराजशेठनी आपलं माप एक नंबरवर ठेवलं आणि गाडी नंदुरबारला आणली.

पंधरवडा बरा गेला.

मग एका दुपारी झिपरू नावाचा एक टेम्पो ड्रायव्हर दुकानात ब्रेकचं ऑइल घ्यायला आला आणि शेठच्या गाडीचं कौतुक करत बसला. बाजारात सगळे कसे वळून पाहतात, वगैरे. हारुनभाई मान डोलवत होते. आत मात्र जळजळ उठली होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"हारुन, तू आठे उना व्हता का रे?"

हारुनभाई सकाळपासून गल्ल्यावरून उठलेही नव्हते.

पुखराजशेठचं म्हणणं असं, की गाडी अंगणात बंद उभी होती. किल्ली त्यांच्याच खिशात. गाडीतून बारीक घरघर ऐकू आली म्हणून त्यांनी दार उघडलं. सीट पुढे आलेली. वर आलेली.

हारुनभाईंच्या मापावर.

जुन्या गाड्यांच्या वायरी अशाच वागतात, असं हारुनभाईंनी समजावलं. स्वतःलाही तेच समजावलं.

पुढच्या आठवड्यात पुखराजशेठनी आपल्या आईला, नोजीबाईंना, गाडीतून देरासरला, म्हणजे जैन मंदिरात, नेलं. ते जाताना हारुनभाईंनी दुकानातून पाहिलं. म्हातारी मागच्या सीटवर राणीसारखी बसली होती. हारुनभाईंची आई आयुष्यभर टांग्यातून आणि टेम्पोतून फिरली, तशीच गेली...

फोन वाजला. देरासरच्या दारात सीट सरकली होती.

सुरतहून कारागीर आला. त्याला काही दोष सापडला नाही. त्याने दोन नंबरचं माप पुसून टाकलं, सीटचा फ्यूजही काढून ठेवला. आता सीट हलणं शक्यच नाही, असं म्हणून तो गेला.

त्यानंतरच्या सोमवारी भर दुपारी सलीमाभाभी दुकानात आल्या. सलीमाभाभी म्हणजे हारुनभाईंच्या पत्नी. त्या दवाखान्यातून पायी निघाल्या होत्या. वाटेत पुखराजशेठ भेटले, त्यांनी गाडीत बसवून दुकानापर्यंत सोडलं आणि तसेच पुढे खांडबाऱ्याला गेले.

भाभी स्टुलावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, की अशा गाडीत बसायचं नशिबात असेल, असं कधी वाटलं नव्हतं. आत रस्त्याचा आवाजसुद्धा येत नाही.

त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख हारुनभाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. आणि ते दुसऱ्याच्या गाडीनं दिलेलं होतं.

ही आग आधीच्यासारखी नव्हती. छातीतून वर चढत ती घशाशी आली.

...आणि हारुनभाईंची नजर फोनवर गेली. तो अजून वाजला नव्हता.

"काय झालं?" भाभींनी विचारलं.

फोन वाजला.

पुखराजशेठना धड बोलता येत नव्हतं. खांडबाऱ्याच्या रस्त्यावर, उतारावर, गाडी वेगात असताना सीट पुढे सरकायला लागली. थांबेचना. गुडघे खाली अडकले, छाती स्टिअरिंगवर दाबली गेली. कशीबशी गाडी शेतात घातली, बांधाला लागून थांबली.

"मन्हा दम कोंडाई गया व्हता," ते म्हणाले. "आज मी गयाच व्हतू, हारुन."

फ्यूज त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

हारुनभाईंनी हे कुणालाच सांगितलं नाही. सांगणार काय? आपण इथे बसून जळतो आणि तिकडे दोस्त मरता मरता वाचतो?

त्यांनी मन आवरायचा प्रयत्न केला. नमाजात पुखराजशेठसाठी दुआ मागितली. गाडीचे दोष आठवत बसले... पेट्रोल पिते, भाग मिळत नाहीत, खड्ड्यात टेकते. गाडी दिसू नये म्हणून वाट बदलून दुकानात जाऊ लागले. पण एखादी गोष्ट मनात आणायची नाही म्हटलं, की ती दारातच येऊन बसते. पुखराजशेठ गाडी घेऊन निघाले असं कळलं, की हारुनभाई फोनकडे बघत बसायचे. आता आपल्या मनात काही आलं तर...

आणि ते यायचंच.

नोजीबाईंना मात्र कारागिरावर विश्वास नव्हता. त्यांच्या मते गाडीला नजर लागली होती. एका सकाळी त्यांनी गोदामातल्या सुक्या लाल मिरच्या आणि मीठ मुठीत घेऊन गाडीवरून उतरवलं आणि सगळं शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकलं.

मिरच्या काळ्या पडल्या. धूर उठला.

...कुणीही खोकलं नाही.

ज्या मिरचीची पोती उचलताना हमाल तोंडाला फडकं बांधतात, तीच ही मिरची. धूर गाडीभोवती फिरला, माणसांच्या नाकातोंडात गेला. ठसका नाही. शिंक नाही. नोजीबाई एवढंच म्हणाल्या, की नजर फार जवळच्या माणसाची आहे.

त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला हारुनभाई दुकानाचं शटर वर करत होते. एकदम घसा आवळला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पायरीवर बसून खोकत राहिले. मिरच्या कुणी जाळल्या, असं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याला कसलाच वास येत नव्हता.

दुपारी पुखराजशेठचा मुलगा अरिहंत दुकानात आला. त्याने सगळं हसत हसत सांगितलं. "काका, ठसकाच नाही आला कुणाला. सांगा, असं होतं का?"

मग म्हणाला, "तुमचा आवाज का बसलाय?"

दुसऱ्या दिवशी पुखराजशेठनी बोलावून घेतलं. गोदामासमोर गाडी उभी होती. त्यांनी हारुनभाईंच्या हातात दोन्ही किल्ल्या ठेवल्या.

"गाडी मन्ही, पन सीट तुन्हीच शे," ते म्हणाले. "तूच लई जाय."

त्यांना कळलं होतं का? हारुनभाईंनी डोळ्यांत पाहायचा प्रयत्न केला. पुखराजशेठ हसत होते. हारुनभाईंनी नको म्हणून पाहिलं. फार वेळ म्हणता आलं नाही.

ते आत बसले. सीट त्यांच्याच मापावर होती. पाय बरोबर पुरत होते. गाडी आवाज न करता सुरू झाली. त्या दिवशी, त्या क्षणी, त्यांच्या मनात कुणाबद्दलही काही वाईट नव्हतं. छाती हलकी झाली होती. पोरासारखं हसू येत होतं.

फाटकातून बाहेर पडताना त्यांनी आरशात पाहिलं. पुखराजशेठ फाटकात उभे होते. निरोपाचा हात वर केलेला. हसणं तसंच.

हात खाली येईना.

आणि हारुनभाईंच्या पाठीखाली बारीक घरघर सुरू झाली...

सीट मागे निघाली होती.

हळूहळू. खाली, आणि मागे. स्टिअरिंग लांब गेलं. पायाचा चवडा ब्रेकवरून निसटला. समोर हमाल हातगाडीवर मिरचीपुडीची पोती रचत होते. हारुनभाईंनी पाय लांबवला. पुरेना. ते सीटवरून घसरले, जवळजवळ खाली लोंबकळले आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

गाडी हातगाडीला धडकून थांबली. पोती फुटली. लाल भुकटीचा लोट उठला. माणसं, बॉनेट, काच, सगळं लाल झालं.

हमाल त्या लोटात उभे होते, डोळे विस्फारून.

...कुणालाही ठसका लागला नाही.

गल्ली शांत होती. फक्त मागून, फाटकाकडून, खोकल्याचा आवाज येत होता. पुखराजशेठ खांबाला धरून, वाकून खोकत होते. थांबतच नव्हते.

इथवर हारुनभाईंनी सांगितलेलं.

मी त्यांच्या घरामागच्या गल्लीत राहतो. गाडी आता त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. तिची बॅटरी काढून ठेवली आहे. ती विकायचं दोघांपैकी कुणीच बोलत नाही. पुखराजशेठ रोज संध्याकाळी दुकानात चहाला येतात. पूर्वीसारखेच हसतात, टोमणे मारतात. गाडीचा विषय निघत नाही.

जुनी गाडी घ्यायला निघालेले लोक आजही हारुनभाईंना विचारायला येतात. ते सगळं सांगतात. इंजिन गार असताना पाहा, बेल्ट शेवटपर्यंत ओढा, डिकीतला पत्रा पाहा. सोबत चला म्हटलं, की मात्र ते उठून आत जातात.

मी दुपारी अंगणाशी पुस्तक घेऊन बसतो. भिंतीपलीकडून कधी कधी ती घरघर ऐकू येते. माझे कान आता म्हातारे झालेत, भास असेलही.

पण ती थांबेपर्यंत माझं पान उलटत नाही. सीट पुढे येतेय की मागे जातेय... ते आवाजावरून कळत नाही.