रोज तीस वेळा

माझा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. फिजिओथेरपिस्ट आहे मी. दिवसभर लोकांचे खांदे, कंबरा आणि गुडघे बघते. तरीही हे माझ्यासोबत घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

मार्चमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात मुलगी फिजिओ असताना बाहेर कशाला जायचं? दुपारी क्लिनिक बंद असायचं, तेव्हा तिथेच मी तिचा व्यायाम घ्यायचे. टेबलावर झोपायचं आणि टाच सरकवत गुडघा वाकवायचा. रोज तीस वेळा.

चादरीवर टाचेचा आवाज यायचा... सर्र... सर्र...

"लहानपणी तुझ्याकडून पाढे घोकून घेतले, त्याचा सूड उगवतेस ना?" आई म्हणायची.

अठराव्या दिवशी ती म्हणाली, "अगं, पोटरी फार दुखतेय. आज राहू दे."

"व्यायामाने दुखणारच. नखरे नकोत, आई. तीस म्हणजे तीस."

मी पोटरीला हातही लावला नाही. दुसरा कुणी पेशंट असता, तर आधी तीच तपासली असती.

तिने मुकाट्याने तीस पूर्ण केले.

संध्याकाळी ती गेली. पोटरीतली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली होती.

महिन्याभराने मी क्लिनिक उघडलं. पहिल्याच गुरुवारी, दुपारी दोनला, रिसेप्शनवरच्या ताई माझ्याजवळ आल्या.

"मॅडम, आत कुणी पेशंट आहे का?"

"नाही. का?"

त्यांनी आतल्या पडद्याकडे बोट दाखवलं. मग मलाही ऐकू आलं...

सर्र... सर्र...

मी पडदा सारला. टेबल रिकामं होतं. चादर सकाळी मीच ताणून घातली होती. तिच्यावर टाचेच्या जागी एक लांब सुरकुती पडली होती.

ताई दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. मी मात्र रोज दुपारी थांबते. पडद्याबाहेर खुर्ची टाकून मोजते. तीस झाले की आवाज बंद होतो.

परवा मला राहवलं नाही. रडतच म्हणाले, "आई, पुरे गं. आता नाही केलंस तरी चालेल."

आवाज सतराला थांबला. बराच वेळ काहीच नाही...

मग पुन्हा... सर्र... अठरा. एकोणीस. थेट तीसपर्यंत.

पोटरी अजून दुखतेय का, एवढंच तिला विचारायचंय. रोज ओठांवर येतं आणि मी गिळून टाकते.

ती 'हो' म्हणाली तर?