श्वास ऐकू येईल असं कार्ड

"हे कार्ड ओरडतं का हो?"

कोटावरचा बर्फ झटकत त्यानं विचारलं आणि मला हसूच फुटलं. अमेरिकेतल्या डलुथच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात लोक वेग विचारतात, किंमत विचारतात... ओरडण्याचं कोणी विचारत नाही.

"चिडवलं की ओरडतं. माझ्यासारखंच!"

तो हसला, थोडंसंच. सोरेन त्याचं नाव. घरी बसून ॲनिमेशनची कामं करायचा. "आजारी आई त्याच खोलीत झोपलेली असते. तिचा श्वास मला ऐकू यायला हवा."



दुकानातलं गाणं बंद करून मी ॲनिमेशनला लागणारी, थंड ठेवायला पंखे बसवलेली दोन ग्राफिक्स कार्डं चालवून दाखवली. दोन पंख्यांचं साडेआठशे डॉलरचं. तापलं की घोंघावायचं. तीन पंख्यांचं जाडजूड, थंडगार, पण बाराशेचं.

"डोळे मिटा," मी म्हटलं. दोघंही तीन पंख्यांच्या कार्डाला कान लावून वाकलो. त्याच्या केसांतला बर्फ वितळून माझ्या मनगटावर टपकला... मी हात मागे घेतला नाही.

"काहीच ऐकू येत नाही," तो पुटपुटला. "पण बाराशे म्हणजे—"

"तीस दिवसांत परत करता येतं. केलंत तर माझं कमिशन बुडेल, सांगून ठेवते!"

विकणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी खोक्यावर लावायची आमची पद्धत. त्यानं घेतलेल्या बाराशेच्या कार्डाच्या खोक्यावर मी माझी लावली— ब्रिटा.

सव्विसाव्या दिवशी तो खोकं घेऊन दारात.

"शेवटी बुडवलंतच ना मला? आवाज करतं का?"

"छे, गुणी आहे कार्ड." त्याचा आवाज फाटला. "आई गेली, मंगळवारी. शेवटचा श्वाससुद्धा ऐकला मी तिचा... तुमच्यामुळे. पण आता घर खायला उठतं हो. मला ते ओरडणारं द्या."

माझे डोळे भरून आले. खोकं मी त्याच्याकडे परत सरकवलं.

"कमिशनसाठी नाही म्हणत, सोरेन. पण पंख्याची घरघर ऐकून कुणाचं दुःख हलकं होत नाही रे." मी एकदम 'अरे-तुरे'वर आले होते, आणि मागे फिरायचं मनात नव्हतं. "मी सहाला सुटते. बडबड करते... चिडवलं की ओरडतेही."

 मग खोक्यावरची माझ्या नावाची चिठ्ठी त्यानं नखानं हळूच सोडवली आणि कोटावर, छातीशी चिकटवली.

"सहाला येतो," तो म्हणाला. "तू बोलत राहा."

त्याच्या घरापर्यंत मी क्षणभरही गप्प बसले नाही.