चौदा नंबरची सीट

"माझ्या नावानं उद्या दुसरंच कुणीतरी प्रवास करणार आहे," मावशी म्हणाल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांना रडू फुटलं.

शुक्रवार होता, सकाळचे दहा वाजले होते. ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वहिनींचं खासगी तपासाचं कार्यालय होतं. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी. पण हा धाकटा दीर चारचौघांत त्यांना तशीच हाक मारायचा, त्यामुळे अख्खी गल्लीच त्यांना वहिनी म्हणू लागली होती. वहिनी त्याला भावोजी म्हणत आणि अहवाल लिहायला बसवत. भावोजींचं अक्षर मोत्यासारखं होतं, बाकी उजेडच होता.

"आधी पाणी प्या," वहिनी म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांगा."

मावशी पासष्टीच्या होत्या. नवरा लवकर गेला. त्यांनी शिवणकाम करून दोन मुलं वाढवली, शिकायला परदेशी पाठवली आणि दोघंही इथेच स्थायिक झाली. पंधरा दिवसांपूर्वी मावशी पहिल्यांदाच या देशात आल्या आणि मुलाकडे उतरल्या. उद्या दुपारी चार वाजता, पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात, त्यांच्या मुलीचं लग्न होतं.

"मग मुलगा नेत नाही का तुम्हाला?" भावोजींनी विचारलं.

"त्याला उद्या ड्यूटी आहे, लॅबमध्ये. म्हणतो, एकटी कशी जाशील, राहू दे. मी म्हटलं, अरे, सात समुद्र ओलांडून एकटी आले, आता आगगाडीला भिऊ? बुधवारी मोबाइलच्या दुकानात गेले आणि ऑनलाइन तिकीट काढा म्हटलं. तर साइट म्हणते, या पासपोर्टवर शनिवारी सकाळी सात-वीसचं तिकीट आधीच आहे. एका पासपोर्टवर एका वेळी एकच प्रवास. नऊच्या गाडीत जागा आहेत, पण मला देत नाही. एकची देते, ती पोचते सहाला. तोवर लग्न लागून मंडळी घरी जातील!"

"आज गेलात तर?"

"आजच्या गाड्या भरल्यात. बस एकदम रविवारी. वहिनी, माझी एकुलती एक लेक हो. मी नसेन तर तिच्या पाठीशी कोण उभं राहणार?"

मावशींनी कमरेला बांधलेल्या कापडी पिशवीतून रबरबँड लावलेले दोन पासपोर्ट काढले.

"दोन का?" भावोजी दचकलेच.

"व्हिसा जुन्यात आहे. तो मिळाला आणि लगेच पासपोर्टची मुदत संपली, म्हणून नवा काढला. आता दोन्ही बाळगावे लागतात. झोपतानाही पिशवी सोडत नाही मी."

"नवा कुणाकुणाला दाखवलात?" वहिनींनी विचारलं.

"विमानतळावर. मग सिमकार्डासाठी त्याच मोबाइलच्या दुकानात, त्यानं झेरॉक्स ठेवून घेतली. आणि लेकीला फोटो पाठवला, तिकडे हॉटेलची खोली घ्यायची होती म्हणून. बस."

"चला, स्टेशनवर जाऊ."

ट्राममध्ये समोरासमोरच्या सीट होत्या. मावशी दोन मिनिटं बसल्या आणि पदर तोंडाला लावून भावोजींना म्हणाल्या, "तुम्ही इकडे येता का हो? उलटं बसलं की मला फार मळमळतं. पहिल्यापासूनच." भावोजींनी जागा बदलली आणि उरलेला सगळा प्रवास स्वतःच डोळे मिटून केला.

स्टेशनवरच्या तिकीटबाईंनी नवा पासपोर्ट पाहून नंबर संगणकात घातला. शेवटचे आकडे दोन आणि नऊ.

"आहे की तिकीट. उद्या सात-वीस, डबा तीन, सीट चौदा. खिडकीची, गाडी जाते त्या दिशेला तोंड. सोमवारी दुपारी काढलंय."

"सीट साइटनं दिली की काढणाऱ्यानं निवडली?" वहिनींनी विचारलं.

तिकीटबाईंनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "निवडलेली आहे. डब्याचा नकाशा उघडून. नाहीतर साइट वाटेल ती देते."

"हे तिकीट दाखवून दुसरं कुणी आत जाऊ शकेल?"

"कसं जाईल? फाटकावर पासपोर्ट ठेवावा लागतो, आमचा माणूस चेहरा बघतो."

"रद्द करायचं असेल तर?"

"ज्या खात्यातून काढलं, तिथूनच होतं. खातं कुणाचं ते मला सांगता येत नाही."

मोबाइलचा दुकानदार भडकलाच. "मीच मावशींना तुमच्याकडे पाठवायचं आणि तुम्ही माझ्याच दारात तपास करायचा! आहे माझ्याकडे झेरॉक्स, ही बघा. रजिस्टरला लावलेली आहे, नियमच तसा आहे."

"तुम्ही तिकीट काढता तेव्हा सीट कशी निवडता?"

"निवडतो कशाला? साइट देईल ती सीट. गिऱ्हाइकं रांगेत उभी असतात, नकाशे बघत बसू?"

बाहेर आल्यावर भावोजी हळूच म्हणाले, "वहिनी, माणूस तापट आहे. तोच असणार."

"तापट तर तुमचे दादाही आहेत," वहिनी म्हणाल्या. "चला, मुलाकडे."

मुलगा कामावर जायच्या तयारीत होता. बसायच्या खोलीत दाराच्या खुंटीवर इस्त्रीचा काळा सूट लटकत होता आणि त्याच्या बटणाला लाल चिठ्ठी होती. वहिनींनी ती पाहिली. त्यांच्याच इमारतीतल्या दुकानाची होती ती. उद्याच वापरायचे कपडे असले की तिथे लाल चिठ्ठी लावत.

"आईनं उगाच तुम्हाला त्रास दिला," मुलगा म्हणाला. त्याची नजर काही आईकडे जाईना. "परक्या देशात असे घोटाळे होतातच."

"तक्रार लिहायची आहे. पासपोर्टचा नंबर असेल ना तुमच्याकडे?"

"आहे ना. व्हिसाचं सगळं मीच केलं होतं." त्यानं फोनमधला फोटो उघडून नंबर वाचला. भावोजींनी तो सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. शेवटचे आकडे चार आणि एक.

"आता मुलीला फोन लावा, मावशी. आवाज मोठा ठेवा."

फोन दोनदा वाजला. "आई? बोल ना गं."

"अगं, तिकिटाचं काही जमतच नाही. कुणीतरी माझ्या पासपोर्टवर..."

"जाऊ दे, आई. जिवाला त्रास करून घेऊ नकोस. नाही जमलं तर नाही. मी फोटो पाठवीन. पुढच्या महिन्यात येते ना भेटायला. ठेवते, पार्लरवाली आलीय." फोन बंद झाला.

मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, किती समजूतदार आहे. आणि मी नेमकी लग्नाला नसणार."

वहिनींना हे काम आवडत असे, पण ही वेळ कधीच आवडली नव्हती.

"मावशी, चोर शोधायला सांगितलंत, तो सापडलाय. पण ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"ऐकणार. मी काही काचेची नाही."

"मग ऐका. हे तिकीट कुणी प्रवासासाठी काढलेलंच नाही. तुमच्या पासपोर्टावर आणि चेहऱ्यावर तुमच्याशिवाय कुणीच जाऊ शकत नाही. म्हणजे ते काढलं ते फक्त तुमची वाट अडवायला. सात-वीस ते बारा-वीस तुमचा पासपोर्ट गुंतला, की लग्नाला पोचवणारी एकही गाडी तुम्हाला मिळत नाही."

"बरोबर!" भावोजी म्हणाले. "म्हणजे दुकानदारच."

"त्याच्याकडे नंबर होता. पण ज्याला नुसती वाट अडवायची, तो कुठलीही सीट घेईल. या माणसानं नकाशा उघडून खिडकी शोधली, तीही पुढे तोंड असलेली. मावशींना उलटं बसलं की मळमळतं, हे दुकानदाराला काय माहीत? ते घरच्यांनाच माहीत."

मुलगा ताडकन उठला. "मी नाही काढलं! आईची शपथ."

"तुम्ही नाही काढलंत, मला माहीत आहे. तुमच्याकडे जुनाच नंबर आहे. आता वाचून दाखवलात तो चार-एकचा. तिकीट आहे दोन-नऊवर. मावशींनी नवा पासपोर्ट काढला हे तुमच्या गावीही नव्हतं. आता सांगा, ज्याच्याकडे नवा नंबर आहे आणि ज्याला मावशींचं मळमळणंही माहीत आहे, असं कोण उरतं?"

मावशींनी हातातला फोन खाली ठेवला.

"खोलीसाठी म्हणून तिनं फोटो मागितला," मावशी अगदी हळू म्हणाल्या. "रविवारी."

"आणि सोमवारी तिकीट निघालं. आता फोनवर सुद्धा, हे कुणी केलं असेल, एवढं एक तिनं विचारलं नाही."

"पण का? मी काय केलं हो तिचं?"

"ते मला माहीत नाही. उद्या ड्यूटीवर जाणाऱ्या माणसाला सूट कशाला लागतो, हे ज्याला माहीत आहे, त्याला विचारा."

मुलानं टेबलाचा खण उघडून लग्नाची पत्रिका काढली आणि आईसमोर ठेवली. मावशींनी चष्मा लावला. वरच छापलं होतं: 'वधूच्या दिवंगत आई-वडिलांच्या स्मृतीस वंदन करून'.

मावशींनी ती ओळ बोटानं दोनदा वाचली, शिवणीचा टाका तपासावा तशी.

"कॉलेजातच सांगितलं होतं तिनं," मुलगा पुटपुटला. "तिकडची सगळी मोठी माणसं. लोकांचे कपडे शिवणारी आई सांगायची तिला लाज वाटली. म्हणाली, दोघंही गेले. मग ते तसंच राहिलं. तू यायच्या आत सगळं नीट करते म्हणाली होती. नाही जमलं तिला."

"आणि तू?" मावशींचा आवाज फुटला. "तू पण मला खांदा देऊन मोकळा झालास? माझ्या घासातला घास दिला रे तुम्हाला मी. उद्या माझ्या स्मृतीला वंदन करून जेवणार होतास?"

भावोजींनी लिहायची वही मिटून ठेवली.

"एक सांगायचं राहिलं," वहिनी म्हणाल्या. "तिकीट खोटं नाही. तुमच्याच नावाचं, तुमच्याच पासपोर्टावरचं आहे. उद्या फाटकावर पासपोर्ट ठेवलात की तुम्ही आत. तिनं ते रद्द केलं, तर पासपोर्ट मोकळा होतो आणि नऊच्या गाडीत जागा आहेत. तुम्हाला अडवणं आता तिच्या हातात नाही. जायचं की नाही, ते मात्र तुमचं."

मावशी पत्रिकेकडेच बघत होत्या. "उलटं बसलं की मला मळमळतं, हे तिच्या लक्षात होतं," त्या म्हणाल्या. "मी जिवंत आहे, तेवढंच विसरली."

दुसऱ्या दिवशी सात वाजता वहिनी आणि भावोजी स्टेशनवर उभे होते. भावोजींचं म्हणणं, मावशी येणार नाहीत. वहिनी दाराकडे बघत होत्या.

मावशी आल्या. त्यांनी कोरी साडी नेसली होती, वर स्वतः शिवलेलं जाकीट घातलं होतं आणि कमरेची पिशवी आज जाकिटावरून बांधली होती. मुलगा सूट घालून चार पावलं मागे चालत होता. त्याचं तिकीट शेवटच्या डब्यातलं होतं.

फाटकापाशी मावशींचा फोन वाजला. त्यांनी आवाज मोठा केला, कालच्या सवयीनं.

"आई, मग काय ठरलं गं? नाहीच ना जमत?"

"जमलं की," मावशी म्हणाल्या. "तू काढलेलंच तिकीट चाललं."

मावशींनी फोन बंद केला आणि पासपोर्ट फाटकावर ठेवला. माणसानं चेहरा पाहिला, मान हलवली आणि फाटक उघडलं.

"मावशी," भावोजींना राहवलं नाही, "तिथे जाऊन काय सांगणार?"

"मी कशाला सांगू? शेवटच्या रांगेत बसेन. अक्षता टाकेन आणि येईन." त्या वळल्या. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "मात्र कुणी विचारलं, तुम्ही वधूच्या कोण, तर खोटं बोलणार नाही."

गाडी सुटली. चौदा नंबरच्या खिडकीत मावशी पुढे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.