ऐकणाऱ्यालाच सांगणारा

हटकणं अशुभ, असं मुळगुंदसाहेबांचं ठाम मत होतं. माणूस कामाला निघाला की त्याला "कुठे?" म्हणून विचारू नये. नाशिकच्या त्यांच्या कंपनीत इन्शुलिनच्या पंपाची आज्ञावली लिहिली जाई, आणि नवी आवृत्ती निघायच्या दिवशी नारळ फुटेपर्यंत कुणी शंका काढत नसे.

अडचण फक्त संकलकाची होती. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला कळेल अशी करून देणारा हा प्रोग्रॅम. कुठे काही चुकल्यासारखं वाटलं की तो पिवळी ओळ दाखवी. बहुतेक शंका फुसक्या निघत, म्हणून खऱ्याही कुणी वाचेना. मग नवा संकलक आला. तो चुकीइतकाच माणसाचाही अभ्यास करी. समोरचा ऐकेलसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. घरच्या वडीलधाऱ्यांना जे साधायला जन्म जातो, ते याला आठवड्यात साधलं. पडदे स्वच्छ झाले. साहेबांनी पेढे वाटले.

डोसचा भाग लिहिणाऱ्या अनघा खरवंडीकरच्या पडद्यावर तर वर्षभरात एकही पिवळी ओळ आली नव्हती. तिला त्याचा अभिमान होता. नव्या आवृत्तीचा पहिला पंप तिने हौसेने आपल्या मधुमेही वडिलांनाच, नानांना, बसवला.

नाना पोहे खाताखाता कोसळले. रक्तातली साखर घसरत होती आणि पंप इन्शुलिन देतच होता. अतिदक्षता विभागात त्यांनी डोळे उघडले, पण लेकीला ओळखलं नाही. आता ओळखतील असं डॉक्टरही म्हणेनात.

अनघा तिथून थेट ऑफिसात आली. एक अक्षर न बदलता तीच आज्ञावली तिने पुन्हा संकलकाला दिली. पिवळी ओळ उमटली: 'साखर कमी आहे का, हे इथे विचारलं आहे. उत्तर न पाहताच डोस दिला आहे.'

"हे तुला तेव्हा दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं," संकलक म्हणाला. "तेव्हा तुम्ही ऐकलं नसतं."

दुरुस्ती एका ओळीची होती. ती लगेच झाली. पण नवी आवृत्ती पंपात शिरायला रुग्णाला त्यावरचं 'मान्य' हे बटण दाबावं लागे, आणि ते कुणी दाबेना. साहेबांनी सगळ्यांना संदेश धाडले. लोकांच्या फोनमध्येही आता असाच शहाणा प्रोग्रॅम असे. वाचणार नाहीत त्यांना त्याने ते दाखवलेच नाहीत.

शेवटी अनघा एकेकाला फोन करत बसली. साताऱ्याच्या बर्गेकाकांनी पहिल्याच घंटेला उचलला. तिने सगळं नीट सांगितलं आणि बटण दाबायची विनंती केली.

"पोरी," काका समजुतीने म्हणाले, "असंच 'दाबा' म्हणून शेजाऱ्याचं खातं रिकामं केलं एकाने. दाबा म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, एवढं शिकलोय आम्ही."

"काका, माझे स्वतःचे वडील दवाखान्यात आहेत याच पंपामुळे."

"त्याचेही होते," काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

पुन्हा लावला तर लागेना. साहेब येऊन पाठीमागे उभे राहिले, पण सवयीने काही विचारलं नाही. अनघाने संकलकासमोर टाइप केलं: कसं सांगितलं म्हणजे माणूस ऐकतो?

पडदा स्वच्छच राहिला. त्याला उत्तर माहीत नव्हतं, की ती ऐकेल असं त्याला वाटलं नव्हतं?