पहारेमामांच्या पोटावरचा पुसलेला अंक

पितळी पट्टीवर अकरा अंक कोरलेले होते आणि त्यातला नेमका मधला पुसला गेला होता: ७२५०८?८०५२७.

ही पट्टी होती पहारेमामांच्या पोटावर. पहारेमामा म्हणजे भोरच्या डोंगरावरच्या हवामान वेधशाळेतला यंत्रमानव (रोबो). सन २०६४ मधल्या त्या सकाळी वीज पडली आणि ते आपोआप बंद झाले. पट्टीवरची संख्या कळफलकावर दाबली तरच ते जागे होणार होते, आणि तीनदा चुकलं तर त्यांची सगळी स्मृती पुसली जाणार होती. शर्वरीला चालायला त्यांनीच शिकवलं होतं. घाबरून तिने अंदाजपंचे दाहोदरसे दोन संधी घालवूनही टाकल्या होत्या.

"अंक गेला कुठे?" तिच्या त्र्यंबकआजोबांनी विचारलं. पहारेमामा त्यांनीच बनवले होते, पण अकरा वर्षांपूर्वीची संख्या त्यांना आता आठवत नव्हती.

शर्वरीने मान खाली घातली. "दर खंडेनवमीला मी पट्टी चिंचेने घासते. मग मधोमध गंध लावते, आणि पुढच्या वर्षी ते वाळलेलं गंध जोर लावून काढते."

"म्हणजे भक्तीने झिजला. बरं, संख्या उलटी वाच."

"तीच येते."

"ही पॅलिंड्रोम संख्या (दोन्हीकडून सारखीच वाचली जाणारी). बाकी कुठलाही अंक गेला असता तर त्याचा जोडीदार बघून सांगता आला असता. मधला मात्र एकटा. पण आमची एक पद्धत होती. अशी प्रत्येक संख्या अकराच्या पटीतलीच घ्यायची."

"पण पॅलिंड्रोमला अकराने भाग जातोच की. १२२१, ४५५४, सगळ्यांना जातो."

"मग १३१ ला भागून बघ."

शर्वरीने भागून पाहिलं. बाकी उरली.

आजोबांनी कागद ओढला. "अकराची कसोटी अशी. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या. त्यांचा फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला, तरच भाग जातो. अंक मोजून सम भरले, तर जोडीतला एक पहिल्या बेरजेत पडतो, दुसरा दुसरीत. फरक नेहमी शून्य."

"आणि विषम भरले, तर दोघंही एकाच बेरजेत," शर्वरी सावकाश म्हणाली. तिने पेन्सिल घेतली. "७, ५, ८, ८, ५, ७. चाळीस. दुसरी २, ०, ०, २, म्हणजे चार, आणि पुसलेला अंक. फरक छत्तीस वजा तो अंक. अकराच्या पटीत हवा, म्हणजे तेहेतीस. अंक तीन."

"दुसरा कुठला चालेल?"

"नाही. पुढची खालची पट बावीस. त्याला चौदा लागतील, आणि चौदा हा काही एक अंक नाही."

तिने न थांबता ७२५०८३८०५२७ दाबलं. आकड्यांवर तिचा भरवसा होता.

पहारेमामांचे डोळे उजळले. "शर्वरी, बूट उलटे घातलेस," ते म्हणाले. तिने त्यांना घट्ट मिठी मारली आणि ती रडली.

संध्याकाळी तिने चाळीस अंकी पॅलिंड्रोम लिहून त्यांच्यापुढे धरली. "न भागता सांगते, अकराने भाग जातो."

पहारेमामांनी भागून पाहिलं. "बरोबर. आता शंभर अंकी लिही. आणि या खंडेनवमीला गंध कपाळाला लाव."